पिवळा की राखाडी

लेक सासरी गेली आणि तिची खोली माझ्या शिवणयंत्राला मिळाली. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा घरातला रंग मी निवडणार होते. मला पिकल्या लिंबाचा पिवळा हवा होता, ह्यांना राखाडी. "मळ दिसत नाही," म्हणे.

रंगाऱ्याने भिंतीवर दोन्हींचे वीतभर चौकोन शेजारी-शेजारी मारले. "दोन दिवस उजेडात बघा, वहिनी, मग सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा दोन वीत झाला होता.

"गुपचूप रंगाचा हात मारलास ना?" हे म्हणाले.

"डबा तर रंगारी घेऊन गेलाय. मी काय जिभेने रंगवू?"

संध्याकाळपर्यंत राखाडी अंगठ्याएवढा उरला. खोटं कशाला बोलू, मी मनातून नाचत होते.

तिसऱ्या दिवशी रंगारी आला, तेव्हा राखाडी कुठेच नव्हता. त्याने भिंतीला बोट लावलं. "अजून ओला आहे," एवढंच म्हणाला, आणि पिशवीतून ब्रश न काढताच निघून गेला.

"पिवळाच छान दिसतोय," दारातून हे म्हणाले.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! मी जिंकल्याच्या तोऱ्यात वळले. हे उन्हाकडे पाठ करून उभे होते. फरशीवरून माझ्या पावलांपर्यंत आलेली त्यांची सावली पिवळी होती, आणि ओली.