एम-फाइव्हचा आवाज

रुबिनानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली, पण छातीत ती घरघर उठली नाही. तिनं जागेवरच अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला. आवाज आला, पण गोधडीखालून यावा तसा.

"काय काढलंस हिच्यातून?"

शेजारी बसलेल्या धाकट्या भावानं, अरशदनं, मोबाइलमधून मान वर केली नाही. "ऑइल काढलं. नवं घातलं."

अब्बांना जाऊन महिनाही झाला नव्हता. जन्म जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलेल्या त्या माणसानं उतारवयात हौसेनं ही जुनी बीएमडब्ल्यू एम-फाइव्ह घेतली होती. दिसायला साधी, पोटात राक्षस. रुबिना दोह्याहून सुट्टीवर आली की तिला शेजारी बसवून ते जयगडच्या चढावर गाडी पिळायचे. ती कानांवर हात ठेवायची, ते हसायचे. दफन झालं आणि अरशद गाडी सर्व्हिसिंगला म्हणून मुंबईला घेऊन गेला. कुठल्या मित्राच्या गॅरेजात, ते काल परत आल्यावरही सांगेना.

"असल्या इंजिनाला गिऱ्हाईक लगेच मिळतं म्हणे."

"आपा, सरळ बोल ना."

"हे इंजिन अब्बांचं नाही. आणि तू ते विकलं असशील, तर या घरात पुन्हा पाय ठेवायची नाही मी."

अम्मी इद्दतीत होती, नवरा गेल्यावर घराबाहेर पडायचं नाही म्हणून अंगणातही येत नव्हती. खिडकीतून तिचा आवाज आला, "फाडा, दोघं मिळून पोट फाडा गाडीचं! तेवढंच राहिलंय."

अरशदनं खाली उतरून बॉनेट उघडलं. "इथं उभी राहा. मी दाबतो."

तो आत बसला आणि त्यानं पाय दिला. पोफळीखालच्या कोंबड्या पळाल्या. तीच घरघर जांभ्या दगडाच्या गडग्यावर आदळून अंगणभर झाली. रुबिना तरी वाकून बघत राहिली. कुठे नवा स्क्रू चमकतोय का, कुठे पान्याचा ताजा ओरखडा आहे का. सगळीकडे जुनी, बसलेली धूळ होती.

"मग आवाज आत का येत नाही?"

"आतला आवाज स्पीकरमधून यायचा. काचा लावल्या की इंजिन ऐकू येत नाही, म्हणून कंपनीच तसं देते. गेल्या वर्षी तू सुट्टी संपवून गेलीस, त्यानंतर अब्बांनी तो बंद करून घेतला."

"थापा मारू नकोस. हाक मारली तर ऐकू येत नव्हतं त्यांना. स्पीकर कुठला, इंजिन कुठलं, हे कसं कळलं?"

"कानाचं मशीन लावल्यावर कळलं. पहिल्याच दिवशी गाडीत बसले नि भडकले. म्हणाले, इंजिन पुढं आणि आवाज दारातून? मला फसवता?"

रुबिनानं बॉनेटचा काठ धरला. "मशीन कधी घेतलं? मी दर जुम्म्याला फोनवर घसा फाटेस्तोवर ओरडत होते. मला कुणी बोललं नाही."

"अम्मी सांगणार होती. अब्बांनीच नको म्हटलं."

"का?"

अरशदनं गाडी बंद केली.

"तुझा फोन वाजला की मशीन काढून उशाशी ठेवायचे. म्हणायचे, हळू बोलली तर पाहुणी वाटेल. ओरडू दे तिला."