पाचवं वचन

“अक्का, दोन घोट तरी घ्या,” लतिका पुन्हा म्हणाली.

“तीन वाजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही,” सासूबाईंनी पेला बाजूला सारला. “त्यानं क्रुसावर एवढं सोसलं, मला गुड फ्रायडेला इतकंही होऊ नये?”

मागच्याच महिन्यात अक्कांना मुतखड्याची कळ उठली होती. पाणी कमी पडलं तर किडनी जाईल, असं डॉक्टरांनी दटावून सांगितलं होतं. तेव्हा कळवळल्या अक्का आणि उशाशी जागली लतिका. सोसणारं एक, निस्तरणारं दुसरंच. बरं, हे पाणी तरी काय नळाला आलेलं? त्या एप्रिलात देवासचे नळ नुसते सुस्कारे टाकत होते. पहाटे टँकरच्या रांगेत, “ओ भिया, एक हंडा और!” म्हणून भांडून तिनं ते आणलं होतं.

“पाणी मी वाहायचं, तुमचं दुखणं मी काढायचं, आणि क्रूस म्हणे तुमचा!”

“आजच्या दिवशी तरी जीभ आवर,” म्हणत अक्कांनी चपला घातल्या.

चर्चमध्ये बारा ते तीन उपासना होती. येशूनं क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांवर दरवर्षी मंडळीतले सात जण बोलत. पाचवं, ‘मला तहान लागली आहे’ हे, यंदा लतिकाकडे आलं होतं. तिथला सगळा कारभार हिंदीत, म्हणून पाळकसाहेबांनी तिच्याकडून हिंदीतच पाठ करून घेतलं होतं, की ती तहान शरीराची नव्हती, आत्म्याची होती.

ती उभी राहिली. “मैं प्यासा हूँ,” म्हणाली, आणि नजर पहिल्या बाकाकडे गेली. अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाकाची कड त्यांनी घट्ट धरली होती. लतिकाचं डोकंच फिरलं. पाठ केलेलं सगळं उडालं आणि तोंडातून घरची मराठी बाहेर पडली.

“त्याला तहान लागली होती. उन्हात लागते तशीच! कुणी विचारलं नव्हतं, त्यानं आपण होऊन सांगितलं. जगाचं पाप वाहणाऱ्याला तहान लागली म्हणायची लाज वाटली नाही. कुणीतरी बोळ्यानं आंब दिली, आंबलेला द्राक्षरस, तर तीही घेतली त्यानं. आणि आपण? आपण काय त्याच्याहून मोठे लागून गेलो?”

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मराठी न कळणारेही सावरून बसले, कारण राग सगळ्यांनाच कळतो. अक्का उठल्या आणि बाजूच्या दारानं बाहेर गेल्या.

झालं, आता वर्षभर अबोला. लतिकानं कसंबसं आमेन म्हटलं आणि ती मागोमाग धावली. उन्हात पडल्या-बिडल्या तर पुन्हा तिलाच निस्तरायचं होतं.

अक्का चर्चच्या व्हरांड्यात माठापाशी बसल्या होत्या. हातातला पेला रिकामा होता आणि हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी सुनेचे सुकलेले ओठ निरखले.

“टँकरवरून आलीस तेव्हापासून तू काय प्यालीस?”

लतिका आठवू लागली. आधी अक्कांचा माठ भरला. मग नवऱ्याला कारखान्यात न्यायची बाटली. मग शेजारच्या माईंची कळशी. तिनं ओठांवरून जीभ फिरवली, तर जीभही कोरडीच.

“काही नाही.”

“घरात कुणाला मागितलंस?”

“नाही.”

“मग?” अक्का खेकसल्या आणि त्यांनी पेला भरून तिच्यापुढे धरला. “तुला मागायला काय धाड भरली होती?”