गच्चीवरची तार

“विकायची वेळ आली तर विकून टाक. पण वापरणाऱ्याला विक, उतरवणाऱ्याला नको.”

मामंजी हे बोलले तेव्हा त्यांना उशीवरून मान उचलवत नव्हती. ती “बरं” म्हणाली होती. तेवढ्या एका शब्दावर त्यांनी डोळे मिटले होते.

आज समोर कंपनीचा माणूस बसला होता. बोलायला गोड. पाण्याचा पेलासुद्धा त्याने दोन्ही हातांनी घेतला.

“वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी टाकलेली इंटरनेटची तार आम्हाला हवीय. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गच्च्यांवरच्या डब्यांसकट. भाव तुम्ही सांगा.”

नवरा पुढे सरकून बसला. दुसऱ्याचा टेम्पो चालवून त्याची पाठ गेली होती. स्वतःचा टेम्पो त्याने कालच बघून ठेवला होता.

“पण तिच्यावर आता गिऱ्हाईकच नाही,” ती म्हणाली. “तुम्ही फुकट द्यायला लागलात, तेव्हा सगळी गल्ली तुमच्याकडे आली.”

“तेच म्हणतोय मी. तुमच्या काय कामाची?”

“भाव विचारतायत तर सांगून मोकळी हो ना,” नवरा म्हणाला आणि पाहुण्याकडे वळला. “रोज वर जाऊन तारेची विचारपूस करून येते. कुठे सांधा सुटला, कुठे कावळ्याने टोचलं. मी तापाने फणफणलो तरी इतकं बघत नाही.”

कंपनीचा माणूस हसला. तीही हसली, कारण ते खरं होतं. घरापुरती जोडणी तिने चालू ठेवली होती. गच्चीवरच्या डब्यातला हिरवा दिवा लागलेला बघितल्याशिवाय ती सकाळी तोंडात घास घालत नसे. मामंजी गेल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

दारात इस्त्रीवाला येऊन उभा राहिला. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लेक दूर देशी कामाला. बापलेकीचं बोलणं हातांनी चालायचं. फोनवर नुसता आवाज येऊन उपयोग नव्हता, चित्र दिसावं लागे. फुकटच्या दिवसांत तोही कंपनीकडे गेला होता. तेव्हापासून या दारासमोरून जाताना तो मान खाली घालून जायचा.

त्याने हात कमरेइतका धरून लेक दाखवली. मग दूरवर बोट केलं. मग एका तळव्याचा फोन करून दुसऱ्या तळव्याने तो झाकून टाकला. शेवटी वर, गच्चीकडे बोट दाखवलं आणि जमिनीकडे बघत राहिला.

“काय म्हणतोय?” कंपनीच्या माणसाने विचारलं.

“तुम्ही वाढवलेला दर त्याला झेपेना. लेकीचं तोंड दिसायचं बंद झालंय.”

“दर वरून ठरतात, वहिनी. माझ्या हातात काय आहे?” त्याने रिकामे हात पसरले.

इस्त्रीवाला त्या हातांकडे निरखून बघू लागला. त्याला वाटलं, आपल्याशीच बोलतायत.

“एक विचारू?” ती म्हणाली. “ही तार घेऊन तुम्ही काय करणार?”

“काढून टाकणार. आमची नवी आहेच की.”

“काढून टाकायच्या वस्तूला मागू तो भाव?”

त्याने पेला खाली ठेवला. “गल्लीत एकच तार असली की सगळ्यांनाच सोपं पडतं.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला?”

त्याने खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलला.

“मग नाही जमायचं,” ती म्हणाली. तिचा आवाज एरवीसारखाच हळू होता.

“अगं, उद्या हे दर उतरवतील आणि गल्ली पुन्हा यांच्याकडे पळेल,” नवऱ्याचा आवाज चढला. “हाही पळेल!”

“पळू दे. ही तार आहे म्हणूनच उतरवतील ना?”

कंपनीचा माणूस उठला. “मन बदललं तर कळवा,” म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. नवरा भिंतीकडे बघत बसला.

“टेम्पो गेला,” तो म्हणाला.

तिने एकदा त्याच्या पाठीकडे बघितलं. मग तिने अवजारांची पिशवी खांद्याला लावली. इस्त्रीवाल्याच्या छपरावरचा सांधा गेल्या वाऱ्यात सुटला होता, हे तिला ठाऊक होतं. दारामागची लांब शिडी तिने ओढून बाहेर काढली.

“एकटीला पेलायची नाही ती,” नवरा जागचा न हलता म्हणाला.

इस्त्रीवाल्याला यातलं एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. शिडीचं दुसरं टोक मात्र त्याने केव्हाच उचललं होतं. ती पुढे चालू लागली.