घरातलं मोठं माणूस

“पट्टा बांधून झोपाल तेव्हा घरात एक मोठं माणूस जागं असू द्या,” योगोपचाराच्या बाईंनी बजावलं होतं. त्यांच्याकडे प्रत्येकाचा कागद वेगळा. गुडघेवाल्या आजोबांचा वेगळा, मानेवाल्या मुलीचा वेगळा. टिल्लूच्या आईच्या कमरेच्या कागदावर ही ओळ त्यांनी तांबड्या शाईने लिहिली होती, खाली दोन रेघा मारून.

“बाई, आमच्या घरातलं मोठं माणूस मीच!” ती हसून म्हणाली होती आणि कागदाची घडी पर्समध्ये टाकली होती.

आता ते मोठं माणूस फरशीवर उताणं पडलं होतं. पोटऱ्या खुर्चीवर, गुडघ्यांच्या वर मांड्या पट्ट्याने आवळलेल्या. दहाच मिनिटांचं काम. टिल्लू झोपलाय तोवर उरकून घेऊ, म्हणून तिने पट्टा ओढला होता. पण टिल्लू दीड वर्षाचा. त्याला ‘तोवर’ कुठे कळतंय? पाचव्या मिनिटाला तो उठला, तिला ओलांडून बाल्कनीत गेला आणि कपड्यांची रिकामी बादली कठड्याकडे सरकवू लागला.

ती झटक्यात उठायला गेली आणि कमरेत कुलूप पडल्यासारखं झालं. उजवा पाय तिचा राहिलाच नाही. बकलापर्यंत हात पोचेना, चार बोटं कमी. कुशीवर वळायला गेली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ती होती तिथेच. फोन टेबलावर, आभाळाइतका लांब.

“टिल्लू!” ती किंचाळली.

टिल्लू खुदकन हसला. आई ओरडली म्हणजे पकडापकडी. त्याने बादली उपडी केली. एक पाय बादलीवर चढला.

तिने ओरडणं गिळलं आणि गाऊ लागली. भरवताना स्वतःच जुळवलेलं गाणं. “टिल्लू बसला टेकून, मांजर बघतं वाकून...”

पाय खाली आला. तो बाल्कनीच्या दारात येऊन बसला आणि टाळ्या वाजवू लागला. हाताच्या टप्प्यात मात्र येईना. पकडलं की झोपवतात, एवढं त्याला बरोबर कळत होतं. गाणं थांबलं की तो बादलीकडे वळे. गाणं चालू झालं की बसे. तिला श्वाससुद्धा चोरून घ्यावा लागे.

पुढची ओळ नव्हतीच. तीच पुन्हा, तीच पुन्हा. उन्हाची तिरीप मघाशी खुर्चीच्या पायाशी होती, ती आता तिच्या गालावर आली. नवरा यायचा संध्याकाळी सातला.

तेवढ्यात जिन्यात आवाज आले. खालच्या मजल्यावरच्या काकू शेजारणीशी बोलत होत्या. या दाराची जादा किल्ली काकूंकडेच असे. ओरडावं, तर बादली. तिने चाल तीच ठेवली, आवाज तेवढा चढवला.

“काकू काकू, या ना वर, किल्ली घेऊन या लवकर, आई पडली जमिनीवर...”

जिन्यातलं बोलणं थांबलं. तिने सगळा जीव कानात आणला.

“ऐकलंत?” काकू म्हणाल्या. “गाण्यात मलासुद्धा घेतलंय! आई पडली म्हणे! लोळत असेल पोराबरोबर. तासभर चाललंय हो हे. कसली हौशी आई आहे!”

“नाहीतर आमची सून,” शेजारीण म्हणाली. “पोराच्या हातात मोबाइल दिला, की झाली मोकळी.”

दोघी हसल्या. चपला खाली उतरल्या. खालचं दार लागलं.

टिल्लूच्या टाळ्या थांबल्या. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. तिच्या घशाला कोरड पडली होती. तिने ओठ ओले केले आणि पहिल्यापासून सुरू केलं.

तुमच्या वरच्या मजल्यावर कोणी बराच वेळ एकच गाणं म्हणत असेल, तर कौतुक मागाहून करा. आधी किल्ली घ्या आणि वर जाऊन या.