सतरा जणांची एकच चूक

“खाली,” म्हणत शिंपीणआजींनी हात खाली दाखवला.

सिस्टरने मांडीवरच्या कागदात पाहिलं. चौथी ओळ, तिसरी फणी, उजवीकडे. तिने आजींच्या नावापुढे फुली मारली. चौथ्या ओळीपर्यंत आलेला हा सतरावा माणूस, आणि सतराही जणांनी इथे हात खालीच केला होता.

खोली म्हणजे गिरणीचं जुनं गोदाम. वस्तीतल्या साठीपुढच्यांची दर मंगळवारी इथे तपासणी व्हायची. वजन, रक्तदाब, साखर आणि शेवटी डोळे. निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून तक्त्यावर अक्षरांऐवजी तीन दातांच्या फण्या छापलेल्या होत्या, खाली खाली बारीक होत गेलेल्या. दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. चूक झाली की सिस्टर तिथेच थांबवायची.

तक्ता नवा होता. सोबत उत्तरांचा कागद आला नव्हता, पण त्यावाचून अडेल ती सिस्टर कसली! मदतनीस मावशीकडून तिने तक्ता समोरच्या भिंतीवर टांगून घेतला आणि दाराजवळच्या आपल्या खुर्चीत बसून सगळी उत्तरं सुवाच्य अक्षरात लिहून काढली. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी औषधाच्या बाटलीवरची बारीक छपाई ती चष्म्याशिवाय वाचायची. त्याची तिला थोडी घमेंडही होती. रस्त्यात पलीकडून कोणी हात केला तर ओळख देत नाही, म्हणून वस्ती तिला शिष्ट म्हणायची. कामाला मात्र कोणी नाव ठेवत नसे.

“आजी, खरं सांगा. कोणी शिकवलं?”

“काय शिकवलं?”

“हेच. कुठे वर, कुठे खाली.”

“या वयात आता कोण शिकवतंय, सिस्टर? घरात सुना शिकवतात तेवढं पुरे आहे.”

आजी हसत हसत काठी टेकत निघून गेल्या. सोळा जणांनी अशीच काहीतरी उत्तरं दिली होती. कोणी ताकास तूर लागू देत नव्हतं.

सिस्टरचे वडील शाळामास्तर होते. कॉपी पकडायची तर बरोबर उत्तरं जुळवून काय उपयोग, चुकलेली जुळवावीत, असं ते सांगत. एकाची चूक ती चूक. सतरा जणांची एकच चूक म्हणजे शिकवणी. कोणीतरी तक्ता पाठ केला होता, एका जागी चुकीचा पाठ केला होता, आणि तो वस्तीभर वाटला होता.

कशासाठी, तेही तिला ठाऊक होतं. इथली म्हातारी माणसं मणी ओवायच्या कामावर जात. नजर अधू झाल्याचा नुसता वास आला तरी मुकादम दुसऱ्या दिवसापासून घरी बसवायचा. गेल्या वर्षी न्हावीआजोबांनी असंच सगळं लपवलं, आणि कळलं तेव्हा काचबिंदूने दोन्ही डोळे नेले होते. तीन महिने आधी कळतं तर डोळे वाचले असते. त्यांना हाताला धरून घरी सोडताना सिस्टर भर रस्त्यात रडली होती. येत्या गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी यायची होती आणि त्यात आठच जागा होत्या. खरा आजारी माणूस पाठांतराच्या आड लपला, तर पुन्हा कोणाचे तरी डोळे जाणार होते.

पण शिकवणारा कोण? प्रश्न तिला सोडेना.

तिची नजर मावशीवर गेली. तक्त्याजवळ काठी घेऊन फणी दाखवायचं काम मावशीचं. झाडलोट तिची, किल्लीही तिच्याकडे, आणि राहायला ती याच वस्तीत. कुंपणच शेत खात होतं की काय?

“मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा. आता काठी मी धरते.”

“का हो? माझं काही चुकलं?”

“कोणाचं चुकलं ते आता कळेलच.”

मावशीचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांत सिस्टर तिच्याशी अशी बोलली नव्हती. काठी टेबलावर ठेवून ती मुकाट्याने बाहेर गेली. सिस्टरलाही कसंसंच झालं, पण तिने मन घट्ट केलं.

पुढचे आजोबा गवंडी होते. कालच दूरच्या गावाहून लेकीकडे आलेले. वस्तीत त्यांची कोणाशी धड ओळखही झाली नव्हती. सिस्टरला हवा होता तसाच माणूस. याला कोणी शिकवलेलं असणं शक्यच नव्हतं.

आजोबा स्टुलावर बसले. एका हाताने त्यांनी डावा डोळा झाकला. सिस्टर तक्त्याशेजारी उभी राहिली, एका हातात कागद, दुसऱ्या हातात काठी. फणीची जागा तेवढी बघून ती काठी टेकवायची आणि लगेच आजोबांच्या हाताकडे नजर वळवायची.

पहिली ओळ बिनचूक. दुसरी बिनचूक. तिसरीत ते जरा रेंगाळले, पण जमलं. चौथी ओळ आली. डावीकडे. वर.

तिने काठी तिसऱ्या फणीवर टेकवली.

आजोबांनी हात खाली केला.

“आजोबा, घाई नाही. नीट बघा.”

“नीटच बघतोय की, बाई. खालीच.”

याला कधी गाठलं असेल शिकवणाऱ्याने? सिस्टर वैतागून मागे वळली आणि तिने काठीच्या टोकाकडे पाहिलं. इतक्या जवळून तिने तो तक्ता कधी नीट पाहिलाच नव्हता.

तीन काळे दात सरळ जमिनीकडे होते.

हातातल्या कागदावर तिच्याच सुवाच्य अक्षरात ‘उजवीकडे’ लिहिलेलं होतं. मग आजोबांच्या नावापुढे ‘बरोबर’ लिहून तिने त्यांना जायला सांगितलं.

“मावशी,” तिने हाक मारली, “आत या.”

मावशी आली. सिस्टरने काठी तिच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, आणि मावशीच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं.

“आता कोणाचा नंबर?” मावशीने विचारलं.

सिस्टर रिकाम्या स्टुलावर जाऊन बसली आणि तिने तळहाताने डावा डोळा झाकून घेतला.