रुमाल टाकलेली खुर्ची

सीताबाईंच्या उशाशी ठेवलेल्या लाल खुर्चीवर नानाजींनी आपला पांढरा रुमाल टाकला आणि तिथे कुणालाच बसू दिलं नाही. सीताबाई पहाटे गेल्या होत्या. शीतपेटीतल्या बायकोकडे पाहत नानाजी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरगा येऊन राह्यला, रत्नदीप. ते जागा त्याची हाय."

एरवी बोरगाव मेघेत कुणी हे ऐकून हसलं असतं. एकतीस वर्षं वर्धा-देवळी एसटीत कंडक्टर असलेल्या नानाजींचा रुमालाशी उभा दावा होता. खिडकीतून रुमाल टाकून कुणी जागा धरली, की ते तो उचलून बाहेर भिरकावत. "जो गाडीत, त्याची जागा," हा त्यांचा कायदा. त्यापायी एकदा खुद्द सासऱ्यालाही त्यांनी देवळीपर्यंत उभं नेलं होतं.

"काकाजी, उद्या किती वाजता काढाचं?" पुतण्या रुपेशने विचारलं. "लोकायले सांगा लागते."

नानाजींचं गणित तयार होतं. शेवटचे आठ दिवस सीताबाईंनी दुसरं काही विचारलंच नव्हतं. "रत्नदीपले टोरंटोहून याले किती तास लागते?" आणि दर वेळी नानाजींनी सगळे थांबे धरून सांगितलं होतं.

"टोरंटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर. चौदा तास," ते रुपेशला म्हणाले. "रात्री दिल्लीले थांबा. सकाळी नागपूर, पावणेदोन तास. मंग गाडीनं दीड. आपल्या नऊले तिथून विमान सुटलं. उद्या दहाले पोरगा दारात. अकराले काढू."

त्या आकड्यांचा त्यांना फार आधार वाटत होता.

बाराच्या सुमारास त्यांचा फोन वाजला. रत्नदीपचं नाव पाहून कुणीतरी समाधानाने म्हणालं, "आला पाहा पोराचा फोन." नानाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या गणिताने पोरगा तीन तासांपासून आभाळात होता. आभाळातून त्याचा फोन कसा येईल?

"बाबा," रत्नदीप म्हणाला, "मी निघालोच नाई. इथून सुटता नाई आलं. तुमी आजच उरकून घ्या. रुपेशले व्हिडिओ लावाले सांगा, मी इथून पाहतो."

"जेवला काय?" नानाजींनी विचारलं.

फोन ठेवून ते तसेच उभे राहिले. बायकोला आठ दिवस आपण खोटंच सांगितलं, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

देवळीहून आलेली सीताबाईंची धाकटी बहीण आनंदाबाई सकाळपासून भिंतीला टेकून उभी होती. गुडघेदुखीमुळे तिला खाली बसवत नव्हतं.

"भाऊजी," तिने विचारलं, "कुठपर्यंत आला पोरगा?"

नानाजींनी खुर्चीवरचा रुमाल उचलला, हळूहळू त्याची घडी केली आणि खिशात ठेवली.

"बस, आनंदाबाई," ते म्हणाले. "जो गाडीत, त्याची जागा."