उन्हाला पुरून उरलेली अक्षरं

किशोरनं बायकोची पिशवी नर्सरीच्या फाटकाबाहेर ठेवली आणि आतून कडी लावली.

"नर्सरी माह्या बापाची, झाडं माही. पाटीवर तुहं नाव काहून लिहू? तुहं इथं आहे काय?"

भांडण पाटीवरूनच पेटलं होतं. बडनेऱ्याच्या त्या नर्सरीत लग्न झाल्यापासून कलमं रागिणीच बांधत आली होती. बाहेर नवी पाटी लागणार होती. तिच्यावर आपलंही नाव असावं, एवढंच ती म्हणाली होती. फाटकाबाहेरची पिशवी उचलून तिनं अचलपूरची बस धरली.

माहेरी आता भाऊ एकटाच होता. दुसऱ्या दिवशी अनुपला राहवलं नाही.

"इतकी वर्सं राबली तू तिथं. येतायेता एक कुंडीबी नाही आणली?"

तिचं म्हणावं असं तिथं एकच काम होतं, लेबलांचं. आधी ती पेननं झाडांची नावं लिहायची आणि एका उन्हाळ्यात अक्षरं उडून जायची. कोणती जास्वंद लाल फुलणार नि कोणती पिवळी, हे सांगायला मग काहीच उरायचं नाही. तिनं लेबलं छापायचं छोटं मशीन मागवलं. तऱ्हेतऱ्हेच्या पट्ट्या छापून उन्हात टांगल्या, पाण्यात भिजवल्या, नखानं खरवडून पाहिल्या. शेवटी एक पट्टी अशी मिळाली, की तिच्यावरची अक्षरं ना उन्हानं उडाली, ना पावसानं.

किशोर तेव्हा हसला होता. "झाड मरून जाईन, लेबल राहीन!"

मशीन तिकडेच राहिलं.

काही दिवसांनी अमरावतीहून एका बाईचा फोन आला. तिला अजून जास्वंदी हव्या होत्या. रागिणीनं सरळ किशोरचा नंबर सांगून टाकला. मग आणखी एकाचा आला. त्यालाही तिनं तेच सांगितलं.

त्यानंतरचा फोन नांदगाव खंडेश्वरच्या गजेंद्रचा होता. शेतातल्या घराभोवती बाग करायची होती, टेम्पोभर झाडं लागणार होती.

"माह्या भाच्यानं चाफा तुमच्याकूनच आणला होता ताई. लेबल अजून नव्यावानी आहे. त्याच्यावरूनच नंबर लावला."

रागिणीला तो दिवस आठवला. लेबलावर नंबर कोणाचा छापू, असं तिनं विचारलं होतं. खाटेवर कूस बदलत किशोर म्हणाला होता, "माहा नको टाकू. लोकं दुपारी झोपू देत नाही. तुहाच टाक."

अमरावतीच्या गच्च्यांवर, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत, कुठल्या कुठल्या अंगणांत तिचा नंबर झाडांना लटकत होता.

सवयीनं ती किशोरचा नंबर सांगू लागली. दोन आकडे बोलली आणि थांबली.

"ताई? ऐकून राहिल्या ना? नर्सरी कुठी आहे तुमची?"

मागच्या दारातून अनुपची पडीक जागा दिसत होती. कमरेएवढं गवत आणि एक विहीर.

"अचलपूरले," रागिणी म्हणाली. "पावसाळा लागू द्या, मंग या."